डोईपट्टी आणि जळालेली दप्तरे : चौदाव्या शतकातले इंग्लंड

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडची लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास होती आणि त्यातले बहुसंख्य लोक खेड्यांत राहून शेती करत होते. या खेड्यांचा कारभार ‘मॅनर’ नावाच्या व्यवस्थेतून चाले. मॅनर म्हणजे एका धन्याची जहागीर. धनी कधी सरदार असे, कधी बिशप, कधी एखादा मठ, तर कधी खुद्द राजा. जहागिरीतली काही जमीन धन्याच्या स्वतःच्या वहिवाटीत असे. तिला मराठी मुलखात शेरी म्हणाले असते. उरलेली जमीन कुळांकडे असे. गायरान, कुरणे आणि रानातले सरपण सगळ्यांच्या वापरात असले, तरी किती आणि कधी वापरायचे याचे नियम ठरलेले होते.

कुळे दोन प्रकारची होती. स्वतंत्र कूळ ठरलेला खंड भरून मोकळे होई आणि राजाच्या न्यायालयात दाद मागू शके. बांधील कुळाला, म्हणजे ‘व्हिलेन’ला, ती सोय नव्हती. पुष्कळ मॅनरांवर त्याला आठवड्यातले दोन-तीन दिवस धन्याच्या शेरीवर वेठ करावी लागे आणि सुगीत वेठीचे दिवस आणखी वाढत. मुलीचे लग्न करायचे तर धन्याला पैसे द्यायचे, गाव सोडून दुसरीकडे राहायचे तर दरवर्षी पैसे द्यायचे, दळण धन्याच्याच गिरणीत दळायचे आणि त्यातला वाटा तिथेच ठेवायचा. कूळ मेले की त्याच्या गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर धनी घेऊन जाई. घरातला कर्ता गेला त्याच आठवड्यात दावणीचा बैलही जाई. यातली कोणतीही रक्कम एकेकटी मोठी नव्हती. पण प्रत्येक रकमेतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाई, की हा माणूस स्वतःचा मालक नाही.

हे सगळे चाले ते दप्तराच्या आधारावर. दर काही आठवड्यांनी मॅनरची न्यायसभा भरे. कोणाच्या गुरांनी कोणाचे पीक खाल्ले, कोण वेठीला आला नाही, कोणी पातळ बिअर विकली, कोणाची जमीन कोणाच्या नावे झाली, हे सारे तिथे बोलले जाई आणि कारकून ते लॅटिनमध्ये चर्मपत्रावर उतरवी. ही पाने शिवून त्यांच्या गुंडाळ्या केल्या जात. एखाद्याचा आजा बांधील कूळ होता असे गुंडाळीत सापडले, की नातूही बांधील ठरे. लिहिणारा धन्याचा माणूस असे, पण साक्षीपुरावा गावकऱ्यांकडूनच येई. गावचा ‘रीव्ह’ हा कारभारी कुळांमधूनच नेमला जाई आणि न्यायसभेतले पंचही कुळेच असत. लॅटिन न येणाऱ्या या लोकांना आपल्याविषयी काय लिहिले जाते आणि ते कुठल्या पेटीत ठेवले जाते, याची पुरती जाण होती. पुढे जे घडले ते समजून घ्यायला ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

शतकाची सुरुवातच वाईट झाली. १३१५ ते १३१७ या वर्षांत सततच्या पावसाने पिके सडली आणि उत्तर युरोपभर दुष्काळ पडला. पाठोपाठ १३१९ पासून गुरांची साथ आली आणि नांगराचे बैल मेले. माणसे फार आणि जमीन थोडी, अशी तेव्हाची स्थिती होती. पाच-सहा एकरांवर कुटुंब जगवणारी कुळे हजारोंनी होती, मजुरी अगदी कमी होती, आणि कितीही जाचक अटीवर जमीन घ्यायला कोणी ना कोणी तयार असे. धन्यांची सत्ता कायद्याइतकीच या गर्दीवर उभी होती.

१३४८ च्या उन्हाळ्यात डॉर्सेटमधल्या मेलकम रेजिस बंदरात प्लेग उतरला. शरद ऋतूत तो लंडनला पोहोचला आणि १३४९ मध्ये त्याने जवळजवळ सारा देश व्यापला. मृतांची मोजदाद कोणी केली नाही. बिशपांच्या दप्तरात पाद्र्यांच्या रिकाम्या जागा नोंदल्या गेल्या आणि मॅनरच्या गुंडाळ्यांत धन्याने नेलेली जनावरे. यांवरूनच इतिहासकारांना मृत्यूचा हिशेब मांडावा लागतो. निदान एकतृतीयांश लोक मेले, हे सर्वमान्य आहे. अलीकडचे अभ्यासक हे प्रमाण निम्म्याच्या जवळ नेतात. काही मॅनरांवर एकाच न्यायसभेत पानेच्या पाने फक्त मृत कुळांची नावे आहेत. काही नावांपुढे वारस नाही अशी नोंद आहे, तर काहींपुढे न्यायला जनावरच नाही अशी. साथ एकदा येऊन थांबली नाही. १३६१-६२ मध्ये ती परतली तेव्हा मुले इतकी दगावली की लोक तिला मुलांची साथ म्हणू लागले. १३६९ आणि १३७५ मध्ये ती पुन्हा आली. १३७७ पर्यंत इंग्लंडची लोकसंख्या २५ लाखांच्या आसपास उतरली होती.

जे वाचले त्यांच्यापुढे वेगळेच जग उभे राहिले. लेस्टरचा मठवासी बखरकार हेन्री नाइटन लिहितो, की साथीच्या वेळी ४० शिलिंगांचा घोडा साडेसहा शिलिंगांच्या आसपास मिळू लागला, कारण विकत घ्यायलाच कोणी नव्हते. आणि त्यानंतरच्या सुगीत जेवण देऊनही ८ पेन्सखाली कापणीला माणूस मिळेना. मजुरीचा भाव आता मजूर सांगू लागला. नॉरफकमधल्या सेजफर्ड मॅनरच्या हिशेबांत सुगीच्या मजुरांना दिलेल्या जेवणाचा खर्च आहे. तेराव्या शतकात त्यातला मोठा भाग भाकरीवर जाई; पुढच्या दीडशे वर्षांत भाकरीचा वाटा घटत गेला आणि मांस व बिअर यांचा वाढत गेला. बायकांनाही कापणी-मळणीची, बिअर गाळण्याची, शहरात घरकामाची रोख मजुरी मिळू लागली. पडून राहिलेल्या जमिनी घेऊन काही कुळांनी ३० ते ४० एकर जोडले. ज्यांच्या बापांनी जमिनीच्या एका पट्टीसाठी धन्याच्या विनवण्या केल्या होत्या, ती माणसे आता धन्याशी घासाघीस करत होती.

धनीवर्गाने याला कायद्याने उत्तर दिले. जून १३४९ मध्ये, साथ जोरात असतानाच, मजुरांविषयीचा राजादेश निघाला आणि १३५१ मध्ये पार्लमेंटने त्याचा कायदा केला. १३४६-४७ मध्ये जी मजुरी होती तीच घ्यायची, साठ वर्षांखालच्या धडधाकट माणसाने काम नाकारायचे नाही, करार मोडून दुसऱ्या धन्याकडे जायचे नाही. मोडणाऱ्याला खोडा, दंड किंवा तुरुंग. अंमलबजावणीसाठी नेमलेले न्यायाधीश बहुधा त्याच भागातले जमीनदार असत, म्हणजे मजुरी देणाराच मजुरीचा निवाडा करी. कायदा मजुरी रोखू शकला नाही, कारण मजूर मिळवण्यासाठी जमीनदार स्वतःच चोरून जादा पैसे देत. पण हजारो माणसांना दंड झाले आणि राजाचा कायदा धन्याच्या बाजूचा आहे ही समजूत खेड्याखेड्यांत रुजली. १३६३ मध्ये तर कोणत्या थराच्या माणसाने किती किमतीचे कापड अंगावर घालावे आणि दिवसातून किती वेळा मांस खावे, हेही पार्लमेंटने ठरवून दिले. दोनच वर्षांत तो कायदा मागे घ्यावा लागला. नोकराच्या अंगावरचे चांगले कापड पाहून वरच्यांना किती बोचत होते, एवढे मात्र त्यातून दिसते.

याच काळात कुळांनी दप्तराचाच आधार घेऊन पाहिला, आणि हा प्रसंग १३८१ च्या बंडाच्या इतिहासात मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळवू शकलेला नाही. १३७७ मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या चाळीसेक गावांनी वर्गणी काढली, वकील दिले आणि राजाच्या कचेरीतून ‘डूम्सडे बुक’मधल्या आपापल्या गावच्या नोंदींच्या मोहोरबंद नकला मिळवल्या. विल्यम राजाने १०८६ मध्ये करवून घेतलेली ही देशाची पाहणी. त्या पाहणीत जे गाव राजाच्या मालकीचे दिसते त्याच्या कुळांना वाढीव वेठीपासून संरक्षण आहे, असा कायद्यातला जुना संकेत होता. नकला हाती येताच या गावांनी वेठ बंद केली. बहुतेकांचा दावा टिकला नाही. कित्येक गावे पाहणीच्या वेळी राजाची नव्हतीच. पार्लमेंटमध्ये जमीनदारांनी घाबरून तक्रार केली, की कुळे एकमेकांना शपथा घालून संघटित होत आहेत आणि फ्रान्ससारखे बंड इथेही होईल. तिथे १३५८ मध्ये शेतकऱ्यांनी सरदारांच्या गढ्या जाळल्या होत्या. लेखणीच्या वाटेने न्याय मागणारी ही शेवटची मोठी खटपट अशी मोडली गेली.

१३७७ मध्येच राजा तिसरा एडवर्ड मेला आणि त्याचा दहा वर्षांचा नातू दुसरा रिचर्ड गादीवर आला. फ्रान्सशी १३३७ पासून चाललेले युद्ध आता हरण्याच्या वळणावर होते. शत्रूची जहाजे दक्षिण किनाऱ्यावरची गावे जाळत होती आणि खजिना रिकामा होता. म्हणून नवी डोईपट्टी बसली. १३७७ मध्ये चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाकडून ४ पेन्स घेतले गेले. १३७९ मध्ये ऐपतीप्रमाणे पट्टी झाली. नोव्हेंबर १३८० मध्ये नॉर्दम्टनच्या पार्लमेंटने पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक डोक्यामागे १२ पेन्स मंजूर केले. साध्या मजुराची ही तीन-चार दिवसांची कमाई होती, आणि घरात बायको, आई, वयात आलेला मुलगा असला तर तितक्या पट. श्रीमंतांनी गरिबांचा भार उचलावा असे कायद्यात म्हटले होते. पण ज्या गावात श्रीमंतच नव्हता तिथे उचलणार कोण? लोकांनी नावे लपवली. १३७७ मध्ये साडेतेरा लाख लोकांनी पट्टी भरली होती. चार वर्षांनी ती संख्या नऊ लाखांवर आली. घरातल्या विधवा आई, बहिणी, मोलकरणी कागदावरून नाहीशा झाल्या होत्या. सरकारने मार्च १३८१ मध्ये फेरतपासणीसाठी अधिकारी पाठवले.

३० मे रोजी एसेक्समधल्या ब्रेंटवुडला जॉन बॅम्टन हा अधिकारी तपासणीसाठी बसला. फॉबिंग आणि आसपासच्या गावांनी आपण पट्टी भरली आहे, आता एक पेनीही देणार नाही असे सांगितले. बॅम्टनने अटकेचा हुकूम सोडला तेव्हा शंभराहून जास्त लोकांनी त्याला आणि त्याच्या शिपायांना पिटाळून लावले. काही दिवसांनी न्यायाधीश रॉबर्ट बेल्कनॅप आला, त्यालाही हाकलले. थेम्सपलीकडे केंटमध्ये ठिणगी वेगळी होती. ग्रेव्ह्सएंडच्या एका रहिवाशाला राजाच्या दरबारातला सरदार सायमन बर्ली याने आपला पळालेला बांधील माणूस म्हणून पकडले आणि सुटकेसाठी ३०० पौंड मागितले. त्याला रॉचेस्टरच्या किल्ल्यात टाकले होते. ६ जूनला जमावाने किल्ला ताब्यात घेऊन त्याला सोडवले. मेडस्टनला वॉट टायलर नावाचा पुढारी पुढे आला. त्याच्याविषयी बंडाच्या या दिवसांपलीकडे खात्रीलायक माहिती फार थोडी आहे. जॉन बॉल हा पाद्री मात्र अधिकाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा होता. माणसे जन्मतः समान आहेत असे गावोगाव सांगितल्याबद्दल तो पुनःपुन्हा तुरुंगात गेला होता. त्याच्या नावाची काही लहान पत्रे बखरकारांनी उतरून ठेवली आहेत. ती लॅटिनमध्ये नाहीत, साध्या इंग्रजीत आहेत, आणि त्यांत विल्यम लँगलंडच्या काव्यातला नांगऱ्या पिअर्स नावानिशी येतो.

बंड करणारे भुकेकंगाल नव्हते. खटल्यांत ज्यांची नावे आली त्यांत रीव्ह, गावचे हवालदार, न्यायसभेतले पंच, सुतार, विणकर, धर्मगुरू अशी माणसे पुष्कळ आहेत. म्हणूनच त्यांच्या हातून जे जळले ते अंदाधुंद जळलेले नाही. केंटचा शेरीफ विल्यम सेप्टव्हान्स पकडला गेला तेव्हा त्याच्याकडचे न्यायालयीन दस्त आणि हुकूमनामे काढून घेऊन जाळले गेले. एसेक्स, सफक, नॉरफक आणि हर्टफर्डशरमधल्या कितीतरी मॅनरांवर जमाव थेट दप्तराच्या पेटीकडे गेला. कुठे चव्हाट्यावर आग पेटली, कुठे धन्याच्याच अंगणात. आज या भागातल्या काही मॅनरांच्या गुंडाळ्या १३८१ च्या उन्हाळ्यापासूनच सुरू होतात, आणि पहिल्याच पानावर जुनी पाने कुळांनी जाळल्याची नोंद असते. सोनेनाणे किंवा धान्य लुटल्याचे प्रसंग त्या मानाने कमी आहेत. ज्या वेठीची नोंद उरली नाही ती वेठ मागता येणार नाही, हा सरळ हिशेब होता, आणि तो अनुभवातून आला होता.

सेंट ऑल्बन्समध्ये या रागाला पन्नास वर्षांचा इतिहास होता. तिथल्या मठाने गावकऱ्यांना घरच्या जात्यावर दळायला मनाई केली होती. १३३० च्या दशकात रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड या मठाधिपतीने घराघरांतली जाती जप्त केली आणि त्यांच्या दगडांची फरशी मठाच्या बैठकीच्या खोलीत घातली. पराभव रोज पायाखाली तुडवता यावा, अशी ती व्यवस्था होती. जून १३८१ मध्ये विल्यम ग्रिंडकॉबच्या नेतृत्वाखाली लोक मठात शिरले, त्यांनी फरशी उखडली, दगड फोडले आणि चर्चमध्ये प्रसादाची पवित्र भाकरी वाटतात तसे तुकडे एकमेकांना वाटले. मठाचे दस्त चौकात जाळले गेले. पण जाळण्याबरोबर त्यांना काही हवेही होते. ऑफा राजाने फार पूर्वी गावाला दिलेली, सोनेरी आणि निळ्या अक्षरांनी सजवलेली सनद मठात लपवून ठेवली आहे, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास होता. मठाधिपती टॉमस द ला मेअर याने अशी सनद नाहीच असे सांगितले, तेव्हा त्याच्याकडून नवी लिहून घेतली गेली. दस्तावर राग आणि दस्तावरच भरवसा, दोन्ही एकाच दिवशी दिसतात.

केंब्रिजमध्ये विद्यापीठाचे विशेषाधिकार नोंदलेले दस्त बाजारात जाळले गेले आणि मार्जरी स्टार नावाच्या वृद्धेने त्यांची राख वाऱ्यावर उधळत विद्वानांच्या विद्येचा निषेध केला. सफकमध्ये देशाचा सरन्यायाधीश जॉन कॅव्हेंडिश लेकनहीथजवळ पळत नदीपर्यंत आला, पण कॅथरिन गेमन या स्त्रीने काठावरची होडी पाण्यात लोटून दिली आणि तो मारला गेला.

१२ जूनला केंटचे लोक लंडनबाहेर ब्लॅकहीथच्या माळावर जमले. १३ जूनला शहरातल्याच काहींनी पुलाचा आणि ऑल्डगेट या वेशीचा मार्ग मोकळा करून दिला. राजाचा काका जॉन ऑफ गाँट याचा सॅव्हॉय राजवाडा जाळला गेला. तिथे चोरी करायची नाही असा दंडक होता आणि चांदीची वस्तू लपवणाऱ्या एकाला जमावानेच आगीत ढकलले, असे बखरी सांगतात. टेंपल या वकिलांच्या वस्तीत पेट्या फोडून कागद रस्त्यावर पेटवले गेले. १४ जूनला चौदा वर्षांचा रिचर्ड माइल एंडच्या मैदानावर लोकांना सामोरा गेला. बांधिलकी रद्द करा, एकराला ४ पेन्स खंड ठरवा, मजुरी राजीखुशीच्या कराराने होऊ द्या, या मागण्या त्याने मान्य केल्या. तीस कारकून बसवून सनदा लिहायला सुरुवात झाली आणि एसेक्स-हर्टफर्डशरचे पुष्कळ लोक त्या घेऊन घरी निघाले. त्याच दिवशी दुसऱ्या जमावाने टॉवरच्या किल्ल्यात शिरून चॅन्सलर असलेला आर्चबिशप सायमन सडबरी आणि खजिनदार रॉबर्ट हेल्स यांची डोकी उडवली. शहरात परदेशी फ्लेमिश विणकरांची कत्तल झाली. एका चर्चजवळ पस्तीसेक प्रेते पडली होती. त्यांचा डोईपट्टीशी किंवा वेठीशी काही संबंध नव्हता. धंद्यातली चढाओढ आणि परक्याचा द्वेष यांनी ती माणसे मेली. बंडाची न्याय्य बाजू मांडताना ही हकीकत गाळता येणार नाही.

१५ जूनला स्मिथफील्डला टायलरने आणखी मागण्या मांडल्या. राजाखेरीज कोणाचीही सरदारकी नको, चर्चच्या जमिनी लोकांत वाटा. बोलाचालीत लंडनचा महापौर विल्यम वॉलवर्थ याने त्याच्यावर वार केला आणि टायलर तिथेच कोसळला. मी तुमचा पुढारी आहे असे म्हणत राजा जमावाला मैदानाबाहेर घेऊन गेला आणि लोक पांगले. त्यांचा राजावर शेवटपर्यंत विश्वास होता. दोष सल्लागारांचा, राजा आपला, हीच त्यांची धारणा होती आणि तिनेच त्यांचा घात केला. आठवड्याभरात एसेक्सचे लोक सनदा पुन्हा पक्क्या करून घ्यायला आले तेव्हा त्यांना सांगण्यात आले, की तुम्ही बांधील होता आणि पूर्वीपेक्षा वाईट बांधिलकीत राहाल. २ जुलैला चेम्सफर्डला सगळ्या सनदा रद्द झाल्या. बिलरिकीजवळ सैन्याने एसेक्सचे शेतकरी कापले आणि नॉर्थ वॉल्शमला बिशप हेन्री डिस्पेन्सरने स्वतः तलवार घेऊन नॉरफकच्या लोकांचा पराभव केला. जॉन बॉलला १५ जुलैला सेंट ऑल्बन्सला फाशी झाली. ग्रिंडकॉबलाही फासावर चढवले गेले. लोकांना परत फिरायला सांगशील तर जीव वाचेल, असे त्याला सुचवले होते. त्याने ते मानले नाही आणि मिळालेला हक्क सोडू नका असेच गावाला सांगितले. नोव्हेंबरमध्ये पार्लमेंटला राजाच्या वतीने विचारले गेले, की बांधिलकी खरोखरच संपवायची का. सरदार आणि जमीनदार प्रतिनिधींनी एकमुखाने नकार दिला.

तरी वेठ टिकली नाही. साथी येतच राहिल्या, माणसांची टंचाई दीडशे वर्षे हटली नाही आणि बांधील कूळ रात्रीतून दुसऱ्या परगण्यात गेले तर तिथे काम व जमीन देणारा धनी मिळतच होता. धन्यांनी शेरी खंडाने द्यायला सुरुवात केली, वेठीऐवजी रोख रक्कम घेतली आणि पुढे ती रक्कमही घटवली. असली डोईपट्टी पुढच्या कोणत्याही मध्ययुगीन सरकारने पुन्हा बसवण्याचे धाडस केले नाही. पंधराव्या शतकात बांधील जमिनीला नवे रूप आले. कुळाची जमीन न्यायसभेच्या गुंडाळीत नोंदली जाई आणि त्या नोंदीची नक्कल कुळाला मिळे. ही नक्कल म्हणजेच त्याचा हक्काचा पुरावा, म्हणून या धारणेला ‘कॉपीहोल्ड’ म्हणू लागले. सोळाव्या शतकापर्यंत राजाची न्यायालयेही अशा नकला ग्राह्य धरू लागली. १५७४ मध्ये एलिझाबेथ राणीने आपल्या जहागिरींवर उरलेल्या थोड्या बांधील कुटुंबांना पैसे घेऊन मुक्त करण्याचा हुकूम काढला. कॉपीहोल्डची जमीन मात्र मॅनरच्या दप्तराला जोडलेलीच राहिली. १९२२ च्या कायद्याने ही पद्धत रद्द झाली आणि १ जानेवारी १९२६ पासून अशा सगळ्या जमिनी पूर्ण मालकीच्या झाल्या.